न घेतलेला निरोप

डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागातल्या त्या गल्लीत एक घर असं होतं, की त्याचं दार वाजवायला कुणाला निमित्त लागत नसे. ते नूलाबाईंचं. सत्तरी उलटलेली ठेंगणीठुसकी बाई. गुडघे रुसलेले, पण जीभ अजून तरणीताठी. आयुष्यभर त्यांनी इस्पितळांतून चहाची गाडी ढकलली होती, आधी लंडनला आणि लग्नानंतर डब्लिनला. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, चहा राहिला. दारात कुणी दिसलं की म्हणत, "ये गं, लव्ह. पाणी उकळतंच आहे." आणि ते खरोखरच उकळत असे.

वृंदा नागपूरहून तिथे आली ती २०१४च्या हिवाळ्यात. नवरा हरीश इस्पितळात भूलतज्ज्ञ, लेक रेवा चार वर्षांची, आणि वृंदा समाजशास्त्रात एम.ए. होऊन घर सांभाळणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं चुकीच्या रंगाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर आणून ठेवला. समोरच्या खिडक्यांचे पडदे हलले. बोललं कुणीच नाही. नूलाबाई तेवढ्या काठी टेकत आल्या आणि डबा आत ढकलू लागल्या. "आज हिरवा. काळा पुढच्या आठवड्यात. मला विचारत जा बाई. या गल्लीत बघतात सगळे, सांगत कुणी नाही."

आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला वृंदाची जीभ रेटेना. ती "नूला आँटी" म्हणू लागली. "आँटी? मी तुझ्या आईची बहीण आहे का?" म्हणून नूलाबाई खो खो हसल्या खऱ्या, पण पुढे पोस्टमननं "नूला" म्हटलं की त्याला ऐकवायच्या, "ही मुलगी मला आँटी म्हणते. तुम्हा लोकांना काही वळण आहे का?"

पुढच्या वर्षीची गोष्ट. युरोपात बॉम्ब फुटले होते, आणि टीव्हीवर रोज तेच चाललेलं. वृंदा थंडीसाठी डोक्याला स्कार्फ गुंडाळून बसमध्ये बसली होती. एक पिऊन तर्र झालेला बाप्या तिच्यावर ओरडला, "परत जा तुमच्या त्या आयसिसकडे!" बसमधले सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. वृंदानं घरी येऊन स्कार्फ कोपऱ्यात फेकला. "मी मुसलमान नाही हे कळत नाही का लोकांना?" हरीश आधी हादरला, मग तिला हसवायला म्हणाला, "टिकली मोठी लाव." तिनं खरंच लावली.

नूलाबाईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे कपात दूध ओतलं आणि विचारलं, "आणि असतीस तर?"

"काय असते तर?"

"मुसलमान. तर चाललं असतं का त्याचं ओरडणं?"

 वृंदाला नूलाबाईंचा थोडा रागच आला. आपली बाजू घ्यायची सोडून ही म्हातारी उलटतपासणी काय घेते! पण तो प्रश्न शेंगदाण्याच्या सालीसारखा घशाला चिकटून राहिला. नागपूरला त्यांच्या घरामागेच मोहल्ला होता. ईदच्या दिवशी तिथून येणारा वास तिला ओळखता यायचा, पण तिथल्या एकाही घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. कुणी मनाई केली नव्हती. कुणी कधी चल म्हटलं नव्हतं, इतकंच.

तो उंबरा तिनं ओलांडला तो डब्लिनमध्ये. २०१६ साली गल्लीत आमना आली. सुदानची. खार्टूमला मुलांची डॉक्टर होती; नवऱ्याला इथल्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून आली. इथे डॉक्टरकी करायची तर परीक्षा द्यायला हवी होती. तिची लेक रीम आणि रेवा एकाच वर्गात. दुपारी शाळा सुटली की रीम नूलाबाईंकडे जायची, कारण आमना त्या वेळात वाचनालयात बसून अभ्यास करायची. रेवाला आई घरी होती, तरी तीही तिकडेच पळायची, कारण नूलाबाईंचे यजमान ख्रिस्टी. निवृत्त बसचालक. ते दोघींना पत्ते शिकवायचे, आणि लबाडी कशी करायची तेही. "मॅम, इट्स ओन्ली द क्रॅक!" असं रेवा आयरिश हेल काढून आईला समजवायची. क्रॅक म्हणजे गंमत, हे वृंदाला कळायला सहा महिने लागले; तोवर तिला भिंतीला तडा गेल्याची काळजी.

आमनाच्या घरी वृंदा पहिल्यांदा पाणी प्यायली तेव्हा तिला आतल्या आत काहीतरी जाणवलं आणि त्याची लाजही वाटली. आमनाच्या लक्षात आलं असावं. पण ती एवढंच म्हणाली, "थंड आहे, हळू पी."

२०१७च्या फेब्रुवारीत ख्रिस्टी गेले. झोपेत.

तिकडची रीत अशी, की माणूस गेला की त्याला घरी आणतात, पुढच्या खोलीत उघड्या शवपेटीत ठेवतात आणि सगळी वस्ती भेटायला येते. घरच्या माणसांच्या हातात हात द्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, मृताशेजारी क्षणभर उभं राहायचं. मग स्वयंपाकघरात चहा, सँडविच, थोडी व्हिस्की आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी. गोष्टी जितक्या हसवणाऱ्या, तितकं त्याचं चांगलं झालं असं समजतात.

वृंदाला आणि आमनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघी मिळून गेल्या. बाहेर पाऊस. वृंदानं पांढरा सलवार-कमीज घातला होता आणि पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली होती. आमनानं तिच्याकडचं दुखवट्याचं वस्त्र नेसलं होतं, तेही पांढरंशुभ्र, साडीसारखं डोक्यापासून पायापर्यंत लपेटलेलं. दारातच दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुमच्यातही पांढरं?" "तुमच्यातही?" त्या दिवसातला तेवढाच एक बरा क्षण. कारण आत सगळं घर काळ्या कपड्यांत, आणि या दोघी लग्नाला आल्यासारख्या.

आमनाच्या हातात भलामोठा गोल ट्रे होता, भात आणि मटणाचा. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटू नये म्हणून शेजारी ट्रे भरून पाठवतात. नूलाबाईंची मुलगी डीअर्ड्री कॉर्कहून आली होती; तिनं तो घेतला, कुठे ठेवावा ते न कळून कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवला. नूलाबाईंना मिठी मारून आमना मनापासून रडली. पण मुलगा डेक्लननं हात पुढे केला तेव्हा तिनं आपला हात छातीवर ठेवून मान लववली. परपुरुषाच्या हाताला ती स्पर्श करत नसे. डेक्लनचा हात हवेत राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हास्याचा फवारा उडाला. ख्रिस्टींनी एकदा बस भलत्याच गावी नेल्याचा किस्सा चालला होता. आमनाचा चेहरा पडला.

आणि वृंदा? तिला तीनदा चहा विचारला गेला, तीनदा ती "नको, नको" म्हणाली. सुतकाच्या घरी कसला चहा! थोडा वेळ मान खाली घालून बसली, मग उठली आणि कुणाकडे न बघता, कुणाला एक शब्द न बोलता निघून गेली. घरी येऊन तिनं डोक्यावरून अंघोळ केली. मयताच्या घरातून निघताना "येते" म्हणायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आपण सगळं यथासांग केलं, असं तिला वाटलं.

दोन आठवड्यांनी आमना तिच्या दाराशी आली. डोळे सुजलेले.

"रीमला पाठवू नकोस म्हणाली नूलाची मुलगी. मम्मीला आता झेपत नाही म्हणाली."

"अगं, ख्रिस्टी गेलेत. खरंच झेपत नसेल."

"मग रेवा कशी काल तिथे होती?"

 रेवा खरंच तिथे होती.

"परीक्षा तीन महिन्यांवर आली," आमना म्हणाली. "या खेपेला नाही झाली, तर मला वाटतं मी सोडूनच देईन. आणि रीम रोज विचारते, नूलाला माझा राग आलाय का?" मग जरा थांबून ती कडवटपणे म्हणाली, "जाऊ दे. नवरा पुढच्या खोलीत मरून पडलाय आणि हे लोक आत हसतात. यांच्याकडून कसली अपेक्षा करायची?"

त्याच आठवड्यात वृंदाला बसथांब्यावर डीअर्ड्री भेटली. वृंदा जीन्स आणि जाकिटात, कपाळावर टिकली. डीअर्ड्रीनं तिला रेवाची आई म्हणून लगेच ओळखलं.

"तुम्ही त्या भारतीय बाई ना? मम्मी तुमचं फार कौतुक करते. कचऱ्याच्या डब्यावाल्या!"

"हो, तीच मी."

"मम्मी साधी आहे हो. सगळ्यांना घरात घेते. पण ती दुसरी... म्हणजे मी काही वंशभेदी वगैरे नाही. पण दोघी आल्या होत्या त्या दिवशी, पांढऱ्या कपड्यांत. एकीनं माझ्या भावाचा हात नाकारला. वडील गेलेल्या माणसाचा हात! आणि दुसरीनं चहाला तोंड लावलं नाही. बसली, उठली, मम्मीला साधं बाय न म्हणता चालती झाली. आम्ही जणू अस्पृश्य. त्यांच्या धर्मातच तसं असेल, असेना का. पण मग आमच्या आईनं त्यांची पोरं का सांभाळायची?"

वृंदाचे कान तापले. ही बाई माझी चहाडी माझ्याकडेच करते आहे! आता सांगावं, ती दुसरी मी होते. पण बस आली. डीअर्ड्री "बाय, बाय, बाय-बाय-बाय" करत चढली, आणि वृंदा आपली बस नसल्यासारखी तिथेच उभी राहिली.

रात्री जेवताना तिनं हरीशला सांगितलं.

"मग आता?" हरीश म्हणाला. "तिनं ओळखलं नाही तुला. राहू दे की."

"माझं खातं आमनाच्या नावावर चढलंय."

"तू जाऊन सांगणार आणि हात दाखवून अवलक्षण करून घेणार. उद्या आपल्या रेवालाही बंद करतील. त्यापेक्षा रीमला तूच सांभाळ दुपारी."

सल्ला काही वाईट नव्हता. रीमला ती आनंदानं सांभाळली असती. पण भांडी घासताना तिला ती बस आठवली. त्या दिवशी एका दारुड्यानं मुसलमानांचा राग तिच्यावर काढला, तर तिनं कोण आकांत केला होता! आणि आज तिचा दोष मुसलमानांच्या नावावर जमा झाला, तर ती गप्प बसून चहा गाळणार? इतकी मोठी टिकली लावायची ती एवढ्यासाठीच का? नूलाबाईंचा तो प्रश्न पुन्हा घशाशी आला. आणि असतीस तर?

सकाळी ती गेली. मुद्दाम तीच पांढरी ओढणी घेऊन. दार डीअर्ड्रीनं उघडलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. वृंदानं ओढणी डोक्यावरून घेतली. "त्या दिवशी निरोप न घेता गेली ती मी होते."

डीअर्ड्री बघतच राहिली. मग मानेपासून वर लाल होत गेली. "पण... तुम्ही तर मुस्लिम नाही!"

"नाही."

"मग असं का गेलात?"

"आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. पुन्हा येईन, असा अर्थ. पण जिथे माणूस गेलंय त्या घरी तसं म्हणायचं नसतं. पुन्हा अशाच कारणानं यायची वेळ येऊ नये म्हणून. म्हणून गुपचूप निघायचं. चहाही घ्यायचा नाही, घरच्यांना कष्ट नकोत. मला वाटलं, मी मान राखला. माझ्या चुकीसाठी रीमला बंद करू नका."

आतून काठीचा आवाज आला. नूलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"अशाच कारणानं पुन्हा येऊ नये," त्या सावकाश म्हणाल्या. "केवढी शहाणी पद्धत. आणि मी मेली दोन आठवडे विचार करतेय, की सँडविचमध्ये हॅम होतं म्हणून ही पोर रुसली. डीअर्ड्री, दारात काय उभी केलीस तिला? आणि हे काय ऐकते मी, रीम का येत नाही ते? तू तर म्हणालीस की तिच्या आईची परीक्षा संपली!"

डीअर्ड्री खाली बघू लागली. "मम्मी, तुला त्रास नको म्हणून..."

"मला त्रास घर रिकामं असण्याचा आहे गं."

टेबलाशी बसल्यावर किटलीला हात लावत नूलाबाई बोलल्या, लेकीकडे बघून, वृंदाकडे नाही. "मी लंडनला होते तेव्हा तिथे बॉम्ब फुटले. आपल्याच आयरिश माणसांनी फोडले. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गाडी घेऊन गेले, 'चहा?' म्हटलं. एवढ्या एका शब्दात माझा आयरिश हेल कळायचा. माणसं तोंड फिरवायची. माझ्या हातचा चहा कुणी घेईना. तो अख्खा हिवाळा मी बसमध्ये तोंड उघडलं नाही. एकच म्हातारा होता खिडकीपाशी. तो रोज कप घ्यायचा, संपवायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, 'नूला, दुसरा कप आण.' त्याला चहा आवडायचाही नाही, नंतर कळलं मला."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," डीअर्ड्री म्हणाली.

"तुझ्या बापाला माहीत होतं. तो हसवायचा मला त्यावरून." त्यांचे डोळे भरले, तरी त्यांनी कप काठोकाठ भरला. "घे वृंदा. का अजून सुतक आहे?"

"संपलं," वृंदा म्हणाली. कप रिकामा केला आणि पुढे सरकवला. "आँटी, अजून एक."

मग राहिला तो डेक्लनचा हात. तेही वृंदानं सांगितलं: तो नकार नव्हता, छातीवर हात ठेवणं हाच त्यांचा नमस्कार. "देवा रे," डीअर्ड्री कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि तो ट्रे?" ट्रे कपाटात, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रेसमध्ये, धुऊन ठेवलेला होता. भात-मटण डेक्लननं तीन दिवस पुरवून खाल्लं होतं, म्हणे. कुणी दिलं ते न विचारता. डीअर्ड्री ट्रे घेऊन निघाली तशी वृंदानं तिला अडवलं. "रिकामा नाही द्यायचा."

"हेही तुमच्या धर्मात आहे?"

"नाही हो. हे आमच्या आईत आहे."

नूलाबाईंनी गरम सोडा ब्रेड फडक्यात गुंडाळून ट्रेवर ठेवला आणि तिघी निघाल्या. दार आमनानं उघडलं. डीअर्ड्री नुकताच शिकलेला धडा विसरली नव्हती. तिनं ट्रे वृंदाकडे दिला, छातीवर हात ठेवला आणि अदबीनं मान लववली. आमनानं त्याच वेळी तिला मिठी मारायला दोन्ही हात पसरले होते. दोघी तशाच थबकल्या.

"बायकांना हात दिलेला चालतो मला!" आमना म्हणाली आणि सगळ्यात आधी नूलाबाई हसल्या. ओल्या डोळ्यांनी, मोठ्यांदा.

तेव्हा आमनानं विचारलंच, "तुम्ही त्या दिवशीही हसत होता. मला फार वाईट वाटलं. ख्रिस्टींसाठी."

"अगं, तोच हसवत होता ना," नूलाबाई म्हणाल्या. "त्याच्याच गोष्टी होत्या सगळ्या. रडायला मला उरलेलं आयुष्य आहे. तो घरात होता तोवर त्याला त्याचं हसू ऐकवलं."  आमना म्हणाली, "आमच्याकडे तीन दिवस सगळे येऊन बसतात. हसत नाहीत. पण एकटं सोडत नाहीत." नूलाबाई म्हणाल्या, "मग तेच की."

डीअर्ड्रीनं माफी मागितली, अडखळत, जमेल तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी रीम आणि रेवा दोघी नूलाबाईंच्या स्वयंपाकघरात पत्ते कुटत होत्या. महिना झाल्यावर चर्चमध्ये ख्रिस्टींसाठी प्रार्थना झाली. "म्हणजे आपलं मासिकच," वृंदा हरीशला म्हणाली. मागच्या बाकावर पांढऱ्या वस्त्रातली आमना बसली होती, आणि बाहेर पडताना डेक्लन तिच्यापुढे थांबला, छातीवर हात ठेवला.

आमना त्या खेपेला पास झाली नाही. पुढच्या खेपेला झाली. २०१९मध्ये तिला गॉलवेच्या इस्पितळात जागा मिळाली, आणि सामान भरलेल्या गाडीशी उभं राहून नूलाबाईंनी रीमला ख्रिस्टींचा पत्त्यांचा जोड दिला. त्यात एक एक्का जास्तीचा होता. बसमधला तो बाप्या कुठेतरी अजून ओरडत असेल. बसमधले लोक अजून फोनमध्येच बघत असतील. पण गल्लीत नवं कुणी राहायला आलं, की पहिल्या आठवड्यात डब्यांचे रंग सांगायला आता वृंदा जाते. नूलाबाईंचं ऋण फेडायचं म्हणून नव्हे. ते फिटायचं नाही, आणि तिला फेडायचंही नाही.

मात्र एक बदल झाला. नूलाबाईंच्या घरातून निघायला तिला आता फार वेळ लागतो. एक निरोप टेबलापाशी, एक दारात, एक फाटकाशी. मग रस्ता ओलांडून पुन्हा हात हलवायचा, आणि पलीकडून "बाय, बाय, बाय-बाय-बाय" संपेपर्यंत हलायचं नाही.

"साखर आणायला गेली होतीस ना?" हरीश विचारतो. "दूध आटलं इथे. करत काय होतीस इतका वेळ?"

"निरोप घेत होते," वृंदा म्हणते. आणि साखर विसरली म्हणून पुन्हा जाते.